जाळावर भाजलंस रे!

धायरीच्या आमच्या गच्चीवर पहिल्यांदा शेगडी पेटली ती एका ३१ डिसेंबरला. माणसं अकरा, चिकन तीन किलो, अनुभव शून्य. साडेआठला तंगड्या जाळीवर चढल्या. पावणेनऊला बाहेरून डांबर आणि हाडापाशी रक्त! शेवटी सगळं खाली नेऊन कुकरला लावलं आणि नववर्षाचं स्वागत रस्सा-भाताने झालं. आई एवढंच म्हणाली, "जाळावर भाजलंस रे. निखारा कुठे होऊ दिलास?"

आईचं माहेर गुहागरकडचं. चुलीतले निखारे पुढे ओढून त्यावर बांगडा भाजायचा, हे ती लहानपणापासून बघत आलेली. कोळसा काळा दिसतोय तोवर तिच्या लेखी तो पेटलेलाच नसतो. ज्वाळा बसल्या, वर पांढुरकी राख धरली आणि वारा घातल्यावर आतून लालबुंद दिसलं, की मग जाळी. याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. माझी सगळी घाई त्या वीस मिनिटांतच होती.

आणि ती भागवायला मेहुण्याने कोळशावर थिनर ओतलं होतं! भडका भुवयांपर्यंत आला. पहिल्या चार तंगड्यांना रंगाच्या डब्याचा वास मारत होता, त्या फेकल्याच. आता मी तेलाच्या पंधरा किलोच्या रिकाम्या डब्याचा तळ कापून, खाली चहूबाजूंनी भोकं पाडून चिमणी केली आहे. आत तारेची जाळी, त्यावर कोळसा, खाली खाण्याच्या तेलात बुडवलेले कागदाचे दोन बोळे. हवा खालून ओढली जाते आणि कोळसा आपसूक पेटत जातो. पुठ्ठ्याने वारा घालत बसावं लागत नाही.

कोळसा कुठला घ्यायचा, हे मला इस्त्रीवाल्या काकांनी शिकवलं. लाकडी, मुठीएवढे तुकडे, वाजवले तर खणखणणारे. चुरा नको, त्याने हवा कोंडते. पावसाळ्यात ओल धरलेला तर नकोच, फटाफट फुटतो आणि ठिणग्या अंगावर येतात. दगडी कोळसा खाण्याच्या जाळीखाली कधीच नाही. त्याचा गंधकाचा धूर जिन्नसाला लागतो.

पण खरी अक्कल आली ती सिंहगडावर. कणीस भाजणाऱ्या मावशींनी निखारे शेगडीच्या एका अंगाला सारले होते. तिथे कणसाला रंग आणायचा, मग ते मोकळ्या बाजूला ठेवून पुढचं घ्यायचं. मी मात्र शेगडीभर कोळसा पसरला होता, म्हणजे तंगडीला पळायला जागाच नाही. आता अर्धी शेगडी रिकामी ठेवतो. आधी निखाऱ्यावर दोन्ही बाजूंनी रंग, मग रिकाम्या बाजूला झाकण घालून सावकाश शिजवणं. चरबी गळून भडका उडाला की तुकडा तिकडे सरकवायचा. पाणी शिंपडायचं नाही. राख उडून थेट चिकनवर बसते. (मेहुणा अजूनही शिंपडतो.) आत शिजलं की नाही हे आता अंदाजाने ठरवत नाही. सुईचा थर्मामीटर घेतलाय, मांसाच्या जाड भागात, हाडाला न टेकवता ७४ अंश सेल्सियस दाखवला की उतरवायचं.

मसाल्याला दही नव्हे, चक्का. पातळ दही निखाऱ्यावर गळतं आणि धूर होतो. मध-साखर शेवटच्या दोन मिनिटांत, नाहीतर करपते. आणि तुकडा जाळीला चिकटलाय म्हणून उचकटू नका. भाजला की बहुतेक वेळा तोच सुटतो. जाळी आधी चांगली तापवून त्यावर तेलात बुडवलेला अर्धा कांदा फिरवला, तर आणखी सोपं.

एका गोष्टीवर मात्र मी घरात भांडलो आहे. थंडी वाजते म्हणून पोरं विझत आलेली शेगडी गच्चीवरच्या खोलीत नेत होती. दार बंद करून! राखेखालच्या निखाऱ्यातूनही कार्बन मोनॉक्साइड येत राहतो. त्याला ना रंग, ना वास. शेगडी उघड्यावरच राहते, कुणी कितीही कुडकुडो.

गेल्या शनिवारी सगळं नीट जमलं. तंगड्या संपल्या, मी राख झाकायला गेलो, तर आई पिशवी घेऊन वर आलेली. पिशवीत दोन भरताची वांगी.

"सरक," म्हणाली, "आता कुठे निखारा झालाय."