नागपूरहून आत्ताच परतलो

पहाटेच्या एसटीनं दारव्ह्याहून निघालो. वय २६, कपाळावरचे केस दोन्हीकडून मागं सरकलेत. यंदाच्या कापसाच्या पैशात केसांचं ट्रान्सप्लांट करायचंच, असं ठरवलं होतं. डॉक्टरांनी थांबवलं. डोक्याच्या मागचे केस टिकाऊ, पण तो साठा मर्यादित. आत्ताच समोर लावले अन् मधले गळतच राहिले, तर पुढं ती जागा भरायला केस उरणार नाहीत. म्हणून आधी गळती आवरायची: डोक्याला लावायचं ५ टक्के मिनॉक्सिडिल अन् १ मिलिग्रॅम फिनास्टेराइडची गोळी. दुष्परिणामही नीट सांगितले. वर्षभरानं फोटो ताडून बघू म्हणाले. इतकं समजावून आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. सोयरिकीच्या बैठकीत टोपी काढायची धास्ती वाटते, हे मी पहिल्यांदाच कुणाजवळ बोललो. माय जेवण झाकून जागीच होती. "केसापायी जीव नको जाळू, बापू," म्हणाली. तिला सगळं सांगितलं. उद्यापासून गोळी सुरू.