लेकुरवाळ्यांची जागा

इंग्लंडमध्ये मोठ्या दुकानांना रविवारी सहाच तास विक्री करता येते. १९९४ च्या कायद्याने तशी मर्यादाच घातलेली आहे. त्यामुळे रेडिंगजवळच्या आमच्या सुपरमार्केटसमोर रविवारी अकराच्या सुमारास गाड्यांची जी दाटी होते, ती पाहून मला गणपतीच्या आदल्या दिवशीचा एसटी स्टँड आठवतो. फरक एवढाच, की इथे कोणी ओरडत नाही. या दाटीत दुकानाच्या दाराजवळ दहा-बारा ऐसपैस चौकोन आखलेले असतात आणि त्यांवर मोठ्या माणसाचा हात धरलेल्या लहान मुलाचे चित्र असते. त्यांचे अधिकृत नाव ‘पेरेंट अँड चाइल्ड’ असे आहे. आमच्या घरात मात्र त्यांना लेकुरवाळ्यांची जागा म्हणतात. हे नाव आमच्या आईने पहिल्याच इंग्लंडवारीत ठेवले आणि ते मूळ नावापेक्षा चांगले असल्यामुळे टिकले.

मूल होण्यापूर्वी मला या जागांचा थोडा रागच होता. धडधाकट आईबापांना दारापर्यंत चालायला काय होते, असे मला वाटे. पुढे चार महिन्यांच्या चिरंजिवांना घेऊन पहिल्यांदा एकटाच खरेदीला गेलो, त्या दिवशी माझ्या डोक्यात उजेड पडला. प्रश्न अंतराचा नसून रुंदीचा असतो. इथला साधा चौकोन २.४ मीटर रुंद धरतात. शेजारी शेजारी दोन गाड्या प्रत्येकी १.८ मीटरच्या असल्या आणि दोघांनीही अगदी मधोमध लावल्या, तरी दोघींच्या अंगांमध्ये साठ सेंटिमीटर उरतात. त्या फटीत आधी दार उघडायचे, मग उघडलेले दार आणि शेजारची गाडी यांच्यामध्ये स्वतः उभे राहायचे, कंबरेत वाकून आत शिरायचे, तान्ह्या बाळाची टोपलीसारखी सीट खटका दाबून सोडवायची आणि झोपलेल्या बाळासकट ती पुढे हात लांबवून, कशालाही न आपटता, बाहेर काढायची. ती टोपलीच चाळीसेक सेंटिमीटर रुंद असते. १९५९ सालची मूळ मिनी गाडी जेमतेम १.४ मीटर रुंद होती, आजची मिनी १.७ मीटरच्या पुढे गेली आहे. गाड्या अशा अंगाने सुटल्या, पण आमच्या कार पार्कातले पांढरे पट्टे जिथल्या तिथे आहेत.

या जागांच्या पाठीशी कायदा मात्र नाही. शेजारच्या अपंगांच्या जागांना २०१० च्या समानता कायद्याचा आधार आहे. गरजू ग्राहकांसाठी योग्य ती सोय करणे दुकानदाराला भाग असते. लेकुरवाळ्यांची जागा ही दुकानाने आपखुशीने दिलेली सवलत आहे. खासगी आवारात गाडीला जॅमर लावण्यावर इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१२ पासून बंदी आहे, त्यामुळे तीही भीती उरलेली नाही. आवारातल्या फलकावर अट आणि रक्कम स्पष्ट लिहिलेली असेल, तर पार्किंग चालवणारी कंपनी पैशांची मागणी करू शकते. चेम्सफर्डमधल्या एका आवारात दोन तासांपेक्षा जास्त थांबलेल्या गाडीवर आकारलेले ८५ पौंड सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली योग्य ठरवले. पण गाडीत मूल होते की नव्हते, हे कॅमेऱ्याला नंबरप्लेटवरून कळत नाही. तेव्हा सगळी भिस्त उरते ती माणसांच्या भिडेवर, आणि इंग्रज माणसाची भीड ही मोठी नाजूक गोष्ट आहे. तो चुकणाऱ्याला काही बोलत नाही. तो जिभेने ‘च्च’ असा आवाज करतो आणि आकाशाकडे पाहतो.

मूल किती मोठे होईपर्यंत ही जागा आपली, हा पुढचा वाद. आमच्या फलकावर वयाचा उल्लेख नाही. काही दुकाने बारा वर्षांची मर्यादा सांगतात. ती बहुधा चाइल्ड सीटच्या कायद्यावरून आली असावी, कारण मूल बारा वर्षांचे किंवा १३५ सेंटिमीटर उंच होईपर्यंत, जे आधी घडेल तोपर्यंत, त्याला गाडीत योग्य सीटवरच बसवावे लागते. माझे मत विचाराल, तर ज्याला स्वतःचा पट्टा सोडवून दाराबाहेर येता येते, त्याने या जागेवरचा हक्क सोडावा. बायकोचे म्हणणे नेमके उलट आहे. तान्हे बाळ दार आपटत नाही. आमचा नऊ वर्षांचा मुलगा मात्र गाडी थांबताच तटबंदी फोडावी तसे दार उघडतो, तेव्हा खरी रुंद जागा त्याच्या शेजाऱ्याला हवी, असे ती म्हणते. तिला हे बोलण्याचा अधिकार आहे. आठव्या महिन्यात स्टीअरिंग आणि दार यांच्यामधून स्वतःला बाहेर काढताना ती घामाघूम होत असे, पण फलकावर बोटाला धरलेले मूल होते आणि आमचे अजून बोट धरण्याच्या अवस्थेत नव्हते, म्हणून तिने एकदाही तिथे गाडी लावली नाही.

आईच्या दुसऱ्या वारीत हा प्रश्न आणखी अवघड झाला. तिचे दोन्ही गुडघे तोवर गेलेले होते. गुडघे गेलेल्या आणि नऊवारी नेसलेल्या बाईला गाडीतून उतरायचे असेल, तर आधी दार सताड उघडावे लागते, मग तिला दोन्ही पाय एकदम बाहेर घेऊन बसल्या जागी वळावे लागते, आणि मग समोर उभ्या असलेल्या माणसाचे दोन्ही हात धरून उठावे लागते. म्हणजे तान्ह्या बाळाइतकीच जागा लागते. अपंगांच्या जागेसाठी लागणारा परवाना, म्हणजे ब्लू बॅज, तिच्याकडे असण्याचा प्रश्नच नव्हता. चिरंजीव त्या दिवशी शाळेत होते. मी गाडी लांब नेऊ लागलो, तशी ती म्हणाली, “अरे, ही लेकुरवाळ्यांची ना? मग लाव की. मी आई आणि तू लेकरू.”

“आई, तसं चालत नाही इथे.”

“का? वय लिहिलंय का कुठे?”

वय खरोखरच लिहिलेले नव्हते. तरी मी गाडी मधल्या वाटेवर थांबवली, मागच्याला हॅझर्ड लाइट दाखवले, तिला उतरवून दाराशी बाकावर बसवले आणि मग पार कोपऱ्यात गाडी लावून आलो. मागचा इंग्रज गृहस्थ हे सगळे होईपर्यंत हॉर्न न वाजवता थांबला. लोक आपल्याला भला माणूस समजत असावेत, असे मला त्या दिवशी वाटले. पण आधीच्या एका रविवारची गोष्ट मी कोणाला सांगितलेली नव्हती.

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची आपल्याकडची रीत सर्वांना ठाऊक आहे. रुमालामागेही कायदा नाही. तरी रुमाल पडलेल्या जागेवर सहसा कोणी बसत नाही, कारण त्याचा धनी गर्दीत कुठेतरी धडपडतो आहे, यावर सगळ्यांचा विश्वास असतो. इथे रुमालाचे काम गाडीतली रिकामी चाइल्ड सीट करते. ती काढणे-बसवणे कटकटीचे असल्यामुळे कायमच मागे असते. ज्याच्या गाडीत ती दिसते, त्याचे मूल आत दुकानात आहे, असे पाहणारा समजून घेतो. मात्र रुमालाला धनी नसेल, तर ती लबाडी होते.

चिरंजीव तीन वर्षांचे असतानाच्या त्या रविवारी धो धो पाऊस होता, घरात दूध संपले होते आणि मी एकटाच निघालो होतो. लेकुरवाळ्यांची एकच जागा मोकळी दिसली. मागे रिकामी सीट होती. पाच मिनिटांचे तर काम, असे म्हणून मी गाडी आत घातली.

दोन-दोन लिटरांहून मोठे दुधाचे दोन कॅन घेऊन बाहेर आलो, तर मागच्या रांगेतल्या साध्या चौकोनापाशी एक तरुण बाई भिजत उभी होती. तिच्या ट्रॉलीत प्लास्टिकच्या झाकणाखाली बाळाची टोपली होती. ती आत असताना दोन्ही बाजूंना मोठ्या गाड्या येऊन लागल्या होत्या. एकीकडचे दार वीतभर उघडत होते, दुसरीकडचे तेवढेही नाही. तिने मला, मिनिटभर ट्रॉली धराल का, असे विचारले. मी धरली. बाळ गाढ झोपले होते आणि प्लास्टिकवर पाऊस ताशासारखा वाजत होता. ती पोट आत ओढून त्या वीतभर फटीतून आत शिरली, गाडी उलटी वाटेवर काढली, उतरून बाळाला आत ठेवले आणि माझे तीन तीनदा आभार मानले. मग तिचे लक्ष माझ्या गाडीकडे गेले.

“तुमचं केवढं आहे?”

“तीन वर्षांचं.”

“आईबरोबर आत रेंगाळलंय वाटतं?”

मी “हो” म्हणालो.

आता मला निघता येईना. मी गाडीत बसून दुधाचे कॅन मागच्या चाइल्ड सीटवर ठेवले आणि वाट पाहत असल्यासारखा दुकानाच्या दाराकडे पाहू लागलो. तिच्या बाळाला जाग आली असावी. ती बराच वेळ मागच्या दारातून वाकून काहीतरी करत होती. तेवढ्यात माझ्या पलीकडे एक गाडी इंडिकेटर लावून उभी राहिली. तिच्या मागच्या काचेला दोन मुले नाके दाबून बसली होती आणि चालवणारी बाई हाताने, निघताय का, असे विचारत होती. मी दुकानाच्या दाराकडे बोट दाखवले. तिने समजुतीने मान हलवली आणि ती थांबली.

पाच-सहा मिनिटांनी पहिली बाई मला हात हलवून निघून गेली. ती वळणाआड होताच मी गाडी बाहेर काढली. थांबलेल्या बाईने काच अर्धी खाली करून, पावसातच हात बाहेर काढून, माझे आभार मानले.