आंबोली-पारपोली: सकाळी पक्षी, ऊन चढल्यावर फुलपाखरं

आंबोलीला लोक जातात ते जुलै-ऑगस्टमध्ये, धबधब्यासाठी. पक्षी आणि फुलपाखरं टिपायची असतील तर मात्र पाऊस ओसरू द्यावा. सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा काळ त्यासाठी सर्वांत चांगला. पावसाळ्यात अळ्यांना कोवळा पाला भरपूर मिळालेला असतो, त्यांतून निघालेली ताजी फुलपाखरं रानभर असतात आणि त्यांचे पंख अजून झिजलेले, फाटलेले नसतात. गर्दीही सरलेली असते. मी आणि माझी मामेबहीण ऑक्टोबरच्या सुरुवातीला गेलो. मुक्काम आंबोलीत आणि रोज घाटाखालच्या पारपोलीपर्यंत जाऊन-येऊन. तिला पक्ष्यांचं वेड, मला फुलपाखरांचं. एकाच दिवसात दोघींचं कसं साधेल हे ठरवावंच लागलं, आणि आखलेला बेत इतका चांगला जमला की पुढे जाणाऱ्यांसाठी तो सविस्तर लिहून ठेवतेय.

आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे, तर पारपोली घाटाच्या पायथ्याशी. फोटो काढणाऱ्यांना या फरकाचा मोठा फायदा होतो. वर सकाळी बहुतेक वेळा धुकं असतं. फुलपाखराला उडायचं तर अंगातले स्नायू आधी उन्हात तापवावे लागतात. शरीर साधारण ३० अंशांच्या घरात पोचेपर्यंत त्याला नीट उडता येत नाही. त्यामुळे पहाटे वर फुलपाखरं शोधण्यात अर्थ नाही. पक्षी मात्र उजाडल्यापासून पहिले दोन-अडीच तासच खरे बोलतात आणि खातात. म्हणून उजाडताच वरच्या रानात पक्षी, नऊच्या सुमाराला नाश्ता करून घाट उतरायचा, दहा ते साडेबारा पारपोलीत फुलपाखरं, दुपारी विश्रांती आणि चारनंतर पुन्हा वर. असा क्रम ठेवला तर धावाधाव होत नाही आणि दोन्ही वेळांचा उजेड हाती लागतो.

महादेवगडाकडे जाणारा रस्ता पक्ष्यांसाठी आम्हाला सर्वांत आवडला. दोन्ही बाजूंना झाडी, वाहनं फारशी नाहीत आणि मधूनमधून आकाश मोकळं. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा: या रानात पक्षी सारखे दिसत नाहीत. बराच वेळ काहीच नसतं आणि मग एकदम झाड भरून जातं. निखार, शिलींध्री, सुतार, पर्णपक्षी असे वेगवेगळ्या जातींचे पक्षी एकत्र भटकत किडे टिपत असतात, आणि सोबत बहुधा भृंगराज असतोच. शेपटीच्या टोकाला दोन लांब पिसं लोंबणारा हा काळा पक्षी इतरांच्या हुबेहूब नकला करतो, त्यामुळे आवाजावरून पक्षी ओळखणाऱ्यांनी जरा सबुरीने घ्यावं. थवा आला की त्याच्या मागे पळू नका. तो कुठल्या दिशेने सरकतोय ते पाहा आणि त्याच्या पुढे, थोड्या मोकळ्या जागेत जाऊन उभ्या राहा. पाच-सात मिनिटांत तो तुमच्या डोक्यावरून जातो. मामेबहिणीला निखाराचा नर तिच्या उंचीच्या फांदीवर मिळाला तो असाच.

दुसरा हमखास उपाय म्हणजे फळलेला उंबर किंवा वड शोधणं. पिकलेली फळं असतील तर धनेश, हरियल, तांबट, बुलबुल सगळे तिथेच येतात. गावातल्या लोकांना कुठलं झाड सध्या फळलंय ते बरोबर ठाऊक असतं, विचारायला लाजू नका. झाडाखाली न थांबता थोडं लांब, शक्यतो चढावर उभं राहिलं तर पक्षी डोळ्यांच्या पातळीत येतो. खालून काढलेल्या फोटोत पोट आणि पांढरं आभाळ याखेरीज काही उरत नाही.

सेटिंगचं म्हणाल तर या रानात उजेड कमी हे गृहीत धरूनच चला. बसलेल्या पक्ष्याला १/५०० सेकंदापर्यंत शटर खाली आणायला हरकत नाही, हलत्या थव्याला १/१२५०च्या वर ठेवा आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ऑटोवर सोडा. ३२०० झाला तरी घाबरू नका. दाणेदार फोटो सुधारता येतो, हललेला नाही. धुक्यावर किंवा आभाळावर पक्षी असेल तर एक्स्पोजर एक स्टॉप (म्हणजे उजेड दुप्पट) वाढवा, नाहीतर पक्षी काळाठिक्कर येतो.

हिरण्यकेशीच्या उगमाकडे जाणाऱ्या वाटेवर शीळकरी कस्तूर दिसला. त्याचा जोरात शीळ घालण्याचा हंगाम पावसाबरोबर ओसरत जातो, पण ओढ्याकाठी तो असतो. लांबून निव्वळ काळा. खडकावर उतरून त्याने अंग वळवलं तेव्हा खांद्यावर आणि कपाळावर गडद निळं चमकलं आणि पुढच्या पावलाला ते विझलं. हा निळा पिसांच्या बारीक रचनेमुळे दिसतो, त्यामुळे प्रकाश नेमक्या कोनातून पडला तरच तो फोटोत उतरतो. सूर्य तुमच्या पाठीशी येईल अशी जागा आधी धरा, कस्तूर त्याच त्या दोन-तीन खडकांवर परत येत राहतो. या जागेबद्दल आणखी एक सांगायला हवं. इथल्या कुंडात सापडलेल्या ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ या छोट्या माशाची २०२० मध्ये नवी प्रजाती म्हणून नोंद झाली आणि २०२१ मध्ये राज्य सरकारने हे ठिकाण जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं. तेव्हा वेगळ्या कोनासाठी म्हणून पाण्यात उतरू नका.

आता पारपोली. फुलपाखरांचं गाव म्हणून त्याचं नाव झालंय आणि ते सार्थ आहे. गावातली माणसं फुलपाखरांना नावानिशी ओळखतात. आम्ही गावातलाच एक वाटाड्या घेतला होता आणि तुम्हीही घ्याच. पैसे गावात राहतात हे एक, आणि कुठल्या झाडावर कोण येतं हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं हे दुसरं. वाटेवर एका पानावर ग्रेट एगफ्लायचा नर बसला होता. काळे पंख, त्यांवर जांभळी किनार असलेले पांढरे ठिपके. मी जवळ गेले तसा उडाला. मी मागे निघाले तर वाटाड्या म्हणाला, “ताई, हयसरच थांबा. ता परत येतला.” खरोखरच आला, त्याच पानावर. हा नर स्वतःचा इलाका राखतो. दुसरं फुलपाखरू दिसलं की हुसकावून लावतो आणि ठरलेल्या जागी येऊन बसतो. ते पान फोकसमध्ये धरून मी वाट पाहिली आणि हवा तो फोटो मिळाला.

माझ्या मते फुलपाखरांच्या फोटोचं सगळं मर्म इथेच आहे. ते कशासाठी येतं ते कळलं की पाठलाग करावा लागत नाही. नीलवंत पाहायचा तर लिंबाच्या जातीची झाडं असलेल्या परसाभोवती थांबा, मादी अंडी घालायला तिथे येते. हेच आपलं राज्य फुलपाखरू. २०१५ मध्ये महाराष्ट्राने ते जाहीर केलं, आणि राज्य फुलपाखरू ठरवणारं हे देशातलं पहिलं राज्य. ब्लू टायगर, क्रो ही फुलपाखरं हवी असतील तर खुळखुळ्याची झुडपं गाठा. त्यातली अल्कलॉइड द्रव्यं नरांना मादीला आकर्षित करणारा गंध बनवायला लागतात, म्हणून ते सुकलेल्या फांद्यांनाही चिकटून बसतात आणि अगदी जवळ जाऊ देतात. ब्लू ओकलीफ फुलांवर सहसा दिसायचं नाही. ते झाडाच्या खोडातून पाझरणाऱ्या रसावर किंवा पडून आंबलेल्या फळावर येतं. पंख मिटले की वाळकं पान, मधली शीरसुद्धा दिसते, आणि खोडावर बसतं तेही डोकं खाली करून. उघडले तर निळं, त्यावर फिकट निळसर-पांढरा पट्टा. मला उघड्या पंखांचा फोटो मिळाला नाही. सकाळच्या कोवळ्या उन्हात कधीतरी उघडतं म्हणतात, त्यासाठी पुन्हा जायचंय.

आणि चिखलपान! ओढ्याकाठच्या ओल्या मातीवर, गुरांनी तुडवलेल्या चिखलावर ऊन पडलं की नर फुलपाखरं क्षार शोषायला उतरतात. फुलांच्या मधात सोडियम जवळजवळ नसतंच, ते ती मातीतून घेतात आणि मीलनाच्या वेळी मादीला देतात. आम्हाला एका वळणावर कॉमन ब्लूबॉटलचा घोळका सापडला, मध्ये एखादं अ‍ॅल्बट्रॉस नावाचं फुलपाखरू. जमिनीला पोट लावून मॅक्रो लेन्समधून (अगदी जवळून टिपणाऱ्या लेन्समधून) पाहिलं तेव्हा दिसलं की ब्लूबॉटल सोंडेने पाणी ओढत असतानाच शेपटाकडून पाण्याचा थेंब बाहेर फेकतंय. क्षार ठेवून घ्यायचे, पाणी टाकून द्यायचं. थोड्या थोड्या वेळाने एक थेंब, ठरावीक लयीत. ती लय मनात मोजा आणि थेंब सुटायच्या किंचित आधी बर्स्ट, म्हणजे एकामागोमाग भराभर फोटो, सुरू करा. शटर १/१००० किंवा त्याहून जास्त.

अशा घोळक्याजवळ जाण्याची रीत आहे. लांबूनच खाली बसा आणि गुडघ्या-कोपरांवर सरकत जा. तुमची सावली त्यांच्यावर पडू देऊ नका, सावली पडली की सगळी उठतात. उठलीच तर हलू नका, बहुतेक परत बसतात. एक जण पिऊ लागला की बाकीचे त्याच्याजवळ उतरतात, म्हणून पहिल्याला निवांत पिऊ द्या. गुडघा टेकण्यापूर्वी मात्र जागा नीट बघा, आणि झुडपात हात घालण्यापूर्वी तर दोनदा. या भागात चापडा आहे. हा विषारी साप कमरेच्या उंचीच्या फांदीवर तासन्‌तास न हलता बसतो आणि हिरवा, तपकिरी, पिवळसर अशा कुठल्याही रंगात असू शकतो. जळवा ऑक्टोबरमध्ये कमी होतात, संपत नाहीत. लांब मोजे, पायघोळ पँट आणि जवळ मीठ ठेवा.

फुलपाखराचा पंख आणि कॅमेऱ्याचा सेन्सर समांतर ठेवणं हे सगळ्यात महत्त्वाचं. इतक्या जवळून एफ/८ इतक्या लहान अ‍ॅपर्चरलासुद्धा जेमतेम काही मिलिमीटर स्पष्ट येतात. पंख तिरका असेल तर डोळा येतो, टोक जातं. काळ्या फुलपाखरासाठी एक्स्पोजर पाऊण स्टॉप कमी करा. गडद मातीवर बसलेल्या पांढऱ्यासाठीही कमीच करा, नाहीतर पंखांवरच्या शिरा पुसल्या जातात. सदर्न बर्डविंग फुलावर बसलं तरी पुढचे पंख फडफडवतच राहतं, तिथे १/१६००च्या खाली जाऊ नका. ओळख पटवायची असेल तर पंखांच्या वरच्या आणि खालच्या, दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. छोट्या ‘ब्लूज’ गटातल्या फुलपाखरांची तर खालच्या बाजूशिवाय ओळख पटतच नाही.

लेन्स कुठली घ्यावी? दोन लेन्स वाहायच्या नसतील तर १००-४०० मिलिमीटरची झूम पुरेशी आहे. बहुतेक नव्या १००-४०० जवळून फोकस करतात, फुलपाखरू बिचकतही नाही. मॅक्रो घ्यायची असेल तर १०० मिलिमीटरच्या खाली नको, काम करायला अंतरच उरत नाही. एसी गाडीतून उतरल्यावर काचेवर वाफ धरते, म्हणून पारपोलीत पोचण्याच्या बऱ्याच आधी एसी बंद करा. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या हव्यातच, आणि ऑक्टोबरमध्येही सर येते म्हणून रेनकव्हर.

काही गोष्टी करू नयेत, अगदी कुणी सुचवल्या तरी. पक्ष्याला बोलवायला मोबाइलवर त्याचा आवाज वाजवू नका. खरा प्रतिस्पर्धी आला असं समजून तो खाणं आणि पिल्लं सोडून भांडायला येतो. घरट्याचे फोटो काढू नका. कोकणात पावसाळ्यात विणीला येणारा तिबोटी खंड्या मातीच्या कड्यात बीळ करून घरटं करतो, आणि तोंडाशी माणसं बसून राहिली तर त्याला चारा घेऊन आत जाता येत नाही. फुलपाखराला पकडून, गार करून फुलावर ठेवून फोटो घेतात असंही ऐकलंय, तो प्रकार क्रूर आहे. फोटो आयनॅचरलिस्ट किंवा ई-बर्ड या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर जरूर टाका, नोंदींचा अभ्यासकांना उपयोग होतो, पण घरट्याचा किंवा दुर्मीळ जिवाचा नेमका पत्ता उघड करू नका.

राखीव जंगलात वाट सोडून शिरायचं असेल तर वनखात्याची परवानगी लागते, आंबोलीतल्या वन कार्यालयात आधी विचारा. घाटाच्या वळणांवर गाडी उभी करून फोटो काढू नका. धुक्यात मागून येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही. कोकण रेल्वेने सावंतवाडीला उतरलात तर तिथून आंबोली साधारण ३० किलोमीटर, एसटी मिळते. पण पहाटे वर आणि दहाला खाली हा बेत एसटीच्या वेळांत बसणार नाही, त्यामुळे स्वतःची गाडी नसेल तर स्थानिक गाडी दिवसभरासाठी ठरवून ठेवा. शनिवार-रविवार टाळता आले तर फार बरं.