करख, वल्हं आणि शाळेतल्या पोरांच्या वह्या

आयर्लंडच्या पश्चिमेला अरन बेटांवर करख नावाची होडी असते, सध्या मी तिच्याच व्हिडिओंच्या मागं लागलोय. लाकडाच्या पातळ पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर कॅनव्हास ताणायचं, वरून डांबर फासायचं, झाली होडी. आधीच्या काळी कॅनव्हासच्या जागी जनावराचं कातडं असायचं. तीन-चार जण ती उलटी करून डोक्यावर घेतात अन् चालायला लागतात, लांबून काळा भुंगाच चाललाय असं वाटतं. पण मला सगळ्यात भारी वाटलं ते वल्हं. नुसती निमुळती दांडी, टोकाला पसरट पातं जवळपास नाहीच, अन् मधे एक लाकडी ठोकळा, त्याला भोक, ते होडीच्या काठावरच्या खुंटीत घालायचं, म्हणजे जाळं ओढायला दोन्ही हात सोडले तरी वल्हं वाहून जात नाही. ज्यानं कुणी हे डोकं लावलं त्याला दंडवत!

आमच्या पैठणला नाथसागरात थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं टाकणारे भोईमामा बघितलेत, पाणी इतकं मांडीला लागून असलं की माणूस काही ना काही शकुन-अपशकुन पाळणारच. तिकडं आयर्लंडात निघताना होडी आधी सूर्य फिरतो तशी उजवीकडून वळवायचे, आपल्या प्रदक्षिणेसारखीच. समुद्रावर डुकराचं नाव काढायचं नाही. आमची आजी रात्री साप म्हणू द्यायची नाही, लांबडं म्हण म्हणायची, तेच की हे. वाटेत लाल केसांची बाई भेटली तर मात्र माघारी फिरायचे, हे मला अजिबात पटत नाही, त्या बाईनं काय घोडं मारलं? आपल्याकडं विधवा आडवी आली की परत फिरणारे होतेच, दोन्हीकडं चूकच.

आता हे सगळं आपल्याला कळतं कसं, तर 1937 ते 1939 मधे तिथल्या सरकारी लोककथा आयोगानं शाळेतल्या पोरांना कामाला लावलं. घरच्या, शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारा अन् वहीत लिहा. जवळजवळ 5000 शाळा, 50000 च्या आसपास पोरं! मासेमारी, औषधं, भुताखेताच्या गोष्टी, सगळं त्यात आलं, अन् आज ते ऑनलाइन फुकट वाचता येतं.

गोदाकाठच्या शाळांनी हे करावं असं मला मनापासून वाटतं, कारण पागेर, म्हणजे हातानं फेकायचं जाळं, विणणारी माणसं आता म्हातारी झालीत. माझी पुतणी सातवीला आहे, तिला दोनशे पानी वही आणून दिलीय. रविवारी भोईमामांकडं जायचंय, प्रश्न तिनंच काढलेत, पहिलाच असाय की मामा, हंगामातला पहिला मासा तुम्ही कुणाला देता?