दोरीतले कुत्रे आणि मोकळी कुत्री

खेड्यात कुत्र्याला दोरी लावून फिरायला नेणारा माणूस अजूनही थोडा चेष्टेचाच विषय असतो. वर्धा जिल्ह्यातील आमच्या गावात कुत्रे एक तर कोठ्यात जनावरांची राखण करते, नाही तर जागलीसाठी वावरात जाते आणि उरलेला वेळ मोकळे हिंडते. त्यामुळे मी चिंगीला घेऊन पांदणीने निघालो की पारावरून प्रश्न येतो, "गुरुजी, तुमी कुत्र्याले फिरवता का कुत्रं तुमाले?" विनोद सोडला तरी एक गोष्ट खरी आहे, ती म्हणजे आमच्या वाटेवर बांधलेले कुत्रे एकच असते आणि बाकीची सगळी मोकळी असतात. मोकळ्या कुत्र्याला संकट दिसताच वळसा घेता येतो, शेपूट घालता येते, पळूनही जाता येते. दोरी लावली की या सगळ्या वाटा आपण बंद करतो, आणि म्हणून त्याच्या वाटचे शहाणपण आपल्यालाच दाखवावे लागते.

मोकळे कुत्रे अंगावर येते ते बहुतेक वेळा आपली मानलेली जागा राखण्यासाठी, आणि ही जागा ऋतूप्रमाणे सरकत असते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो तेव्हा डांबर आणि फुफाटा या दोहोंनीही पंजे भाजतात, म्हणून फिरणे पहाटेच उरकावे लागते. पण नेमक्या त्याच वेळी लोक अंगणात बाजा टाकून झोपलेले असतात आणि बाजेखाली घरचे कुत्रे पडलेले असते. रस्ता सरकारी असला तरी त्या बाजेभोवतीचा तुकडा ते आपलाच समजते. तेवढे दिवस मी गल्ली सोडून घरामागच्या धुऱ्याने, म्हणजे बांधावरून, शिवारात उतरतो. पिके उभी असताना रानडुकरे आणि रोही (नीलगायी) आत शिरू नयेत म्हणून जागल सुरू होते, आणि अंधारात हलणाऱ्या प्रत्येक वस्तूवर धावून जाणे हेच जागलीच्या कुत्र्याचे काम असल्याने त्याला दोष देण्यात अर्थ नसतो. संध्याकाळी उशिरा पांदणीने जाणे टाळावे, हेच बरे.

सर्वांत कठीण काळ पोळ्यापासून दिवाळीपर्यंतचा. हे माजाचे दिवस. चिंगीची नसबंदी झालेली आहे, परंतु एका मादीमागे लागलेल्या नरांच्या टोळीत आपसातच इतकी गुरगुर चाललेली असते की जवळून जाणारे कोणतेही कुत्रे त्यात ओढले जाते. त्यानंतर साधारण दोन महिन्यांनी कुटाराच्या (भुशाच्या) ढिगात नाही तर पऱ्हाटीच्या गंजीआड पिल्ले होतात. पिल्लांची आई पुष्कळदा न भुंकता थेट धावते, म्हणून थंडीत अशी ठिकाणे लांबूनच ओलांडावीत.

"भुंकणारे कुत्रे चावत नाही" या म्हणीवर मी पूर्ण विसंबत नाही, पण तिच्यात तथ्य आहे. फाटकाशी उभे राहून, मागे-पुढे होत भुंकणाऱ्या कुत्र्याला आपण निघून जावे एवढेच हवे असते. धास्ती बाळगावी ती गप्प येणाऱ्याची: तोंड मिटलेले, शरीर ताठ, शेपूट वर आणि जवळजवळ स्थिर, नजर आपल्या कुत्र्यावर खिळलेली. शेपूट हलते आहे म्हणजे कुत्रे खूश आहे हा समजही चुकीचा आहे. ताठ शेपटीची बारीक थरथर हे चिडल्याचेच लक्षण असू शकते.

असे कुत्रे दिसले की थांबावे, चिंगीला मागे घेऊन आपण मध्ये उभे राहावे आणि दोरी शक्य तितकी सैल ठेवावी. दोरी ताणली की आपल्या कुत्र्याचा पुढचा भाग उचलला जातो, समोरच्याला ते आव्हान वाटते आणि आपल्या कुत्र्यालाही धोक्याची खूण पटते. मग समोरच्या कुत्र्याकडे तोंड ठेवून, पण त्याच्या डोळ्यांत न बघता, तिरके मागे सरावे. पाठ फिरवून पळू नये. गावातील कुत्र्यांना खाली वाकणारा माणूस दगड उचलतो हे पक्के ठाऊक असल्याने नुसते वाकण्यानेही पुष्कळ वेळा काम होते. काठी मी बांबूची बाळगतो, कारण तुऱ्हाटी, म्हणजे तुरीची वाळलेली काडी, पहिल्याच फटक्यात मोडते. फटका मात्र जमिनीवर द्यावा, कुत्र्याला नव्हे. मार बसलेले कुत्रे कधी पळते आणि कधी दुप्पट चवताळते. पावसाळ्यात छत्री अधिक उपयोगी, कारण ती समोर झटकन उघडली की मध्ये भिंत उभी राहिल्यासारखे होते. शिळ्या भाकरीचे तुकडे फेकण्याचा उपाय एकट्या आणि फार न चिडलेल्या कुत्र्यापुरता ठीक आहे. तीन-चार कुत्री असतील तर भाकरीवरूनच भांडण जुंपते.

झुंज लागलीच तर दोन तोंडांच्या मध्ये हात घालू नये, कारण त्या क्षणी घरचे कुत्रेही धन्याला ओळखत नाही. बादलीभर पाणी ओतणे किंवा घोंगडी टाकणे हे आधी करून पाहावे. दोन माणसे असतील तर प्रत्येकाने एकेका कुत्र्याचे मागचे पाय धरून त्यांना मागे घ्यावे, पण दात रुतलेले असताना ओढू नये, नाही तर कातडी फाटते. हिमालयातील धनगर बिबट्यापासून बचावासाठी आपल्या कुत्र्यांना खिळ्यांचा लोखंडी पट्टा घालतात. तो इकडे आणावा का, असे मला एकाने विचारले होते. माझ्या मते नको. गावात तो कुत्र्यापेक्षा आधी शेजाऱ्याच्या पोराला लागेल.

घरी आल्यावर केस बाजूला सारून मान, काख आणि पोट बोटांनी चाचपावे. सुळ्याची जखम वरून तांदळाच्या दाण्याएवढी दिसते, पण आत कातडी मांसापासून सुटलेली असू शकते, आणि पावसाळ्यात तिच्यात पाहता पाहता किडे पडतात. जखमेत तिखट, चुना किंवा हळद भरण्याची पद्धत आमच्याकडे अजून आहे. ती सोडायला हवी. वाहते पाणी आणि साबण घेऊन १५ मिनिटे जखम धुवावी आणि त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे जावे. पिल्लाला तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस आणि पुढे दरवर्षी मात्रा दिलेली असली, तरी असा चावा झाल्यावर लगेच पुन्हा लस द्यावी लागते. सोडवणाऱ्या माणसाला दात लागला किंवा ओरखडा जरी उठला, तरी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन पूर्ण मात्रा घ्याव्यात. रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत रेबीजविरोधी सीरमही भरावे लागते. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते.

कुत्र्यांचा त्रास वाढला की गावात कोणीतरी औषध घालण्याची भाषा काढतो. ते १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा तर आहेच, शिवाय विषाचा तुकडा कोणाचे कुत्रे खाईल हे सांगता येत नाही. २०२३ च्या नियमांनुसार मोकाट कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना त्याच जागी सोडायचे असते, आणि ही जबाबदारी स्थानिक संस्थेची आहे. हा विषय ग्रामसभेत लेखी मांडता येतो. पाळलेल्या जनावराबाबत निष्काळजीपणा झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली मालकही अडकू शकतो, परंतु मळ्याशेजारच्या माणसाशी रोज बोलायचे असताना मी त्या वाटेला जाणार नाही.

त्यापेक्षा वाटेवरच्या प्रत्येक कुत्र्याचा मालक आणि नाव माहीत करून घ्यावे. नदीकाठच्या कोठ्यावरचा वाघ्या चिंगीवर धावून येत असे. त्याच्या धन्याला मी कायदा सांगितला नाही. फक्त आमची वेळ सांगितली आणि तेवढा वेळ त्याला खुंट्याला बांधाल का, असे विचारले. तो बांधतो. ज्या दिवशी विसरतो त्या दिवशी मी लांबूनच "वाघ्या, हट, घरी!" असे दरडावतो, आणि नाव ऐकून तो घोटाळेपर्यंत कोठ्यातून कोणीतरी बाहेर येतेच.