टाळ थांबले नाहीत तेव्हा

सासवडला दिंडीत शिरले तेव्हा माझ्या पिशवीत दोन गोष्टी जास्तीच्या होत्या. एक स्टीलचं ताट आणि एक निवेदन. ताट लोकांना दाखवायला, निवेदन त्यांच्या सह्या घ्यायला. आता लिहिताना हसू येतं. वारीला जाणारी माणसं देवाकडेही फारसं काही मागत नाहीत, आणि मी त्यांच्याकडे सह्या मागायला निघाले होते.

निवेदन पालखी मार्गाबद्दल होतं. आळंदी आणि देहूच्या पालख्यांचे रस्ते चौपदरी करायच्या कामाची पायाभरणी नोव्हेंबर 2021 मध्ये झाली. रस्त्याच्या कडेची जुनी झाडं जाताहेत म्हणून पुण्यातले आम्ही काही जण अस्वस्थ होतो. कागदावर ठळक अक्षरात पहिलीच मागणी होती: रुंदीकरण थांबवा. वारकऱ्यांच्या सह्या मिळाल्या तर वजन येईल, असा हिशोब. सावलीतून चालणारी माणसं झाडाच्या बाजूने नसतील असं मनातही आलं नव्हतं.

दिंडी परभणीकडची, रथामागची, दीडशेच्या आसपास माणसं. ओळखीतून जागा मिळाली, भिशी, म्हणजे दिंडीतल्या जेवणा-राहण्याचे पैसे, भरली आणि सामान ट्रकवर टाकलं. माझ्या रांगेत उजव्या हाताला एक टाळकरी काका होते, एकविसावी वारी, तीन एकर सोयाबीन. मागे बायकांच्या रांगेत स्वयंपाक सांभाळणाऱ्या मावशी. दिंडीत सगळे एकमेकांना माउलीच म्हणतात, पण भांडायची वेळ आली की माणूस काका-मावशीवर येतो.

पहिलं भांडण जेजुरीच्या मुक्कामी झालं, ताटावरून. राज्यात थर्माकोलच्या ताटांवर 2018 पासून बंदी आहे, पण पंगतीत आल्या त्या आतून चकचकीत थर दिलेल्या कागदी पत्रावळ्या. सकाळी राहुट्या उठल्या की त्या मागे शेतात पडून राहणार, हे दिसतच होतं. मी माझं ताट पुढे केलं आणि छोटंसं भाषणही केलं. लोकांनी ऐकून घेतलं. मावशी पिठलं वाढत होत्या, पळी तशीच हातात धरून म्हणाल्या, "ताई, आन् ही घासायची कुणी?"

मला वाटलं, हा काय प्रश्न आहे. मग त्यांनी हिशोब मांडला. दीडशे माणसं, दोन वेळचं जेवण, म्हणजे तीनशे ताटं. टँकर एकच, त्यात पिणं, स्वयंपाक आणि आंघोळी. घासणाऱ्या बायका चौघी, त्याही दिवसभर चालून आलेल्या. "तुमचं प्लास्टिक वाचंल, पण माझं कंबरडं मोडंल."

मी पत्रावळ्या मोजल्या होत्या. मावशींची कंबर माझ्या हिशोबात कुठेच नव्हती. त्या रात्री मी माझं ताट गुपचूप घासलं आणि गप्प बसले.

दुसरं भांडण जास्त दिवस चाललं. तारखा नीट आठवत नाहीत, ठिकाणं आठवतात. नीरेवर पादुकांचं स्नान झालं, लोणंद मागे पडलं, तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण झालं. समोरासमोर उभ्या रांगांमधून अश्व धावून गेला आणि लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला वाकले. या ठिकाणाची ओळखच एका झाडाची आहे, हे मी काकांना मुद्दाम बोलून दाखवलं. ते म्हणाले, "होय. आन् जागा मोकळी हाय म्हणून रिंगण होतंय, हे बी बघा."

फलटण सोडल्यावर ऊन चढलं. पाऊस रुसला होता. डांबराची धग चपलेतून वर येत होती आणि कडेला ताजे कापलेले बुंधे दिसत होते, एक तर ताटाएवढा नाही, जात्याच्या चार पाळ्या मावतील एवढा. मी निवेदन काढलं. काकांनी चालता चालता वाचलं, घडी घालून परत दिलं.

"सही नाही करायचो मी."

"का?"

"रस्ता पाहिजे म्हणून."

मग ते बोलत राहिले, टाळ गळ्यात तसाच. अरुंद रस्त्यावर एका बाजूने दिंडी आणि दुसऱ्या बाजूने ट्रक, असं वीस वर्षं चालल्यावर माणसाला काय वाटतं ते सांगत. एकदा ट्रकचा आरसा त्यांच्या पताकेला घासून गेला होता. 2019 च्या नोव्हेंबरमध्ये नामदेव महाराजांची पालखी आळंदीला निघाली असताना दिवे घाटात जेसीबी दिंडीत घुसला, वारकरी गेले. "त्या दिवशी तुमचं कुणी निवेदन घेऊन आलं होतं का?"

आलं नव्हतं. मी झाडं तोडल्याच्या बातम्या जपून ठेवल्या होत्या, ही बातमी मात्र वाचून विसरले होते. तरी माघार घ्यायची नाही म्हणून म्हटलं, मग चार पदर झाल्यावर गाड्या सावकाश जातील असं वाटतं का तुम्हाला? त्यावर काका काही बोलले नाहीत. मागून मावशी बोलल्या.

"तुमच्या दोघांच्या भांडणात आमचं काय?" बायकांचा दिवस पहाटे तीनला सुरू होतो. 2015 पासून निर्मल वारी या उपक्रमामुळे मुक्कामाला फिरती शौचालयं येतात, त्याने बरंच सुसह्य झालंय, पण रांगा लांब, आणि दोन मुक्कामांच्या मधल्या वाटेत काही नाही. तिथे झाडं-झुडपं हाच आडोसा. "तुम्हाला झाड म्हणजे हवा. यांना झाड म्हणजे अडचण. आम्हाला झाड म्हणजे आडोसा. तेवढं लिहिलंय का कागदात?"

नव्हतं लिहिलं.

समाज आरती मी त्याआधीही पाहिली होती, पण नीट पाहिली ती नातेपुत्यात. संध्याकाळी पालखी तळावर येते, सगळ्या दिंड्या भोवती उभ्या राहतात, हजारो टाळ एकदम वाजत असतात. मग चोपदार चोप उंचावतो आणि क्षणात सगळं शांत होतं. एवढी माणसं एका काठीच्या उंचावण्याने गप्प होतात, यावर पाहिल्याशिवाय विश्वास बसत नाही. त्या शांततेत हरवलं-सापडलं सांगतात, दुसऱ्या दिवशी निघायची वेळ सांगतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ थांबवत नाही. बाकी सगळा तळ शांत आणि एका कोपऱ्यात तेवढे टाळ वाजत राहतात. चोपदार तिथे जातो, काय झालं ते विचारतो, आणि मगच पुढचं.

त्या संध्याकाळी टाळ थांबले नाहीत ते आमचेच. टँकर दोन वेळा चुकला होता आणि बायकांनी अर्ध्या कोसावरून पाणी आणलं होतं. मला वाटलं आता कोणीतरी आवाज चढवेल. तसं काही झालं नाही. विचारणा झाली, बोलणं झालं, आमचे टाळ थांबले, आरती झाली. सगळं मिळून चहा उकळायला लागतो तेवढाच वेळ.

रात्री काकांनी विचारलं, "झाडांसाठी तुमची जी सुनावणी होते, तिथं कसं असतं?" मी सांगितलं, एक खोली, एक टेबल, आधी हरकत लिहून द्यायची, तीन मिनिटं बोलायचं. "आन् ऐकून घेतलं नाही तर?" घरी जायचं, म्हटलं. त्यांना ते फार विचित्र वाटलं. ऐकून घेतल्याशिवाय टाळ थांबवायचे कामून?

मग मी भोसेच्या वडाची गोष्ट सांगितली. सांगली जिल्ह्यात, मिरजेहून पंढरपूरकडे येणाऱ्या रस्त्यावरचा हा वड चारशे वर्षांचा असल्याचं सांगतात. 2020 मध्ये महामार्गाच्या कामात तो जाणार होता. लोक जमले, आवाज उठला, आणि रस्त्याची आखणी थोडी सरकवून वड ठेवायचं ठरलं. काका उठून बसले. "म्हणजे रस्ता बी झाला आन् वड बी राहिला? मग हे आधी सांगायचं का नाही! तुमचा कागद तर रस्ताच नको म्हणतोय."

भांडण संपलं असं नाही, पण आता ते कागदाच्या आत आलं. माळशिरस ते वेळापूर आम्ही ओळ न् ओळ भांडलो. काकांनी 'रुंदीकरण थांबवा' वर काट मारली. मला ते जड गेलं, अजूनही पूर्ण पटलेलं नाही. जिथे आखणी सरकवता येते तिथे जुना वड तोडायचा नाही, हे मी आत घातलं, त्यांनी मान्य केलं. नव्या मार्गाला पायी चालणाऱ्यांसाठी कडेने वेगळी वाट आहे. त्या वाटेच्या कडेला वड, लिंब, चिंच लावा, हे काकांचं. दुभाजकावरच्या कण्हेरीवर त्यांचा विशेष राग. "सावली कुणावर पाडायची? टायरवर?" मावशींनी सांगितलं ते दुसऱ्या एका मुलीने लिहिलं: दर काही अंतरावर पाण्याचा नळ, आणि बायकांसाठी दार लागणारा आडोसा. नळ असला तर बाटल्या कमी होतील, हे मी माझ्या पदरचं जोडायला गेले. मावशी म्हणाल्या, जोडा की, फुकट हाय.

ताटाचंही मधल्या काळात काहीतरी झालं. एका म्हाताऱ्या बाबांनी आठवण काढली की पूर्वी ताट-तांब्या ज्याचा त्यानेच आणायचा. मावशींनी एकच अट घातली: खरकटं ताट कोणी माझ्यासमोर ठेवून उठायचं नाही, बापय असो की बाई. गावोगावच्या बाजारातून ताटं आली. काका भाकरीच्या शेवटच्या तुकड्याने ताट असं पुसायचे की अर्ध्या तांब्यात निघायचं. वाखरीला पोचेपर्यंत चाळीसेक माणसं आपापल्या ताटात जेवत होती. बाकीचे पत्रावळीवर. त्यातल्या एकाने मला सुनावलंही, की मी इथे नामस्मरणाला आलोय, भांडी घासायला नाही. त्याच्याशी मी वाद घातला नाही, पाय दुखत होते.

निवेदन वाखरीच्या तळावर पूर्ण झालं. तीन हस्ताक्षरांतलं, खाडाखोड केलेलं, एका कोपऱ्यावर आमटीचा डाग. एकशे अकरा सह्या, त्यात अंगठे नऊ. टाइप करून द्यावं का, असं पुण्यातल्या मित्राने विचारलं. मी तसंच दिलं.

पोच मिळाली, उत्तर अजून नाही. काकांचा महिन्या-दोन महिन्यांनी फोन येतो. आलं का काही, विचारतात. नाही म्हटलं की सोयाबीनचा भाव सांगतात, पाऊस सांगतात, आणि ठेवता ठेवता मावशींचा निरोप देतात, या वर्षी येताना दोन ताटं जास्तीची आणा, गेल्या खेपेला कमी पडली.