चार रिस्टबँड, तीन मुलं

हॉटेलात रिसेप्शनला काम करताना एक गोष्ट रोज दिसते. माणसं सुट्टीला येतात तीच मुळात दमून येतात, तासंतास गाडीत बसून अंग आंबलेलं, मुलं किरकिर करून करून झोपलेली, कधी एकदा रूमची चावी हातात पडते असं झालेलं असतं. अशा वेळी लॉबीत मुलांकडे नक्की कोणाचं लक्ष आहे हे विचारलं तर कोणालाच धड सांगता येत नाही, कारण सगळेच असतात ना तिथे.

त्या दिवशी दुपारी असंच एक मोठं कुटुंब आलं. दोन गाड्या, दोघे भाऊ, त्यांच्या बायका, आजी-आजोबा, आणि बुकिंगवर मुलं चार. आमच्याकडे चेक-इनलाच मुलांच्या हाताला कागदी रिस्टबँड बांधतात, त्यावर रूम नंबर आणि आईवडिलांपैकी एकाचा मोबाईल नंबर पेनाने लिहायचा, म्हणजे मूल पूलवर किंवा प्ले एरियात चुकलं तर लगेच फोन लावता येतो. मी चार बँड लिहिले, तीन मुलांना बांधले आणि चौथा काउंटरवर तसाच राहिला. विचारलं, छोटू कुठाय? धाकटी सून बॅगा मोजत होती, मान वर न करता म्हणाली, आजींकडे असेल. आजी वॉशरूमला गेल्या होत्या, तेवढ्यात आल्याच, एकट्या. म्हणाल्या, अगं माझ्याकडे कुठे, तो तुमच्याकडे ना?

मूल दिसत नाही म्हटलं की आमचा पहिला माणूस पूलकडे पळतो. बाकी सगळं नंतर, गेट, लिफ्ट, जिने. पाण्यात जे व्हायचं ते एक-दोन मिनिटांत होतं आणि लहान मूल बुडताना ओरडत नाही, हातपाय आपटून कोणाला बोलवत नाही, त्यामुळे आधी पाणी बघायचं हे पक्कं. मी वॉकीटॉकीवर सांगितलं आणि घरच्यांना एकच विचारलं, "असेल, गेला असेल" नको, शेवटचं डोळ्यांनी कोणी बघितलंय? एकदम शांतता. आणि मग सगळ्यात मोठी मुलगी, असेल अकरा-एक वर्षांची, हळूच बोलली, "तो काकांच्या गाडीत झोपलाय."

काकांच्या हातातली चावी आधी खाली पडली. पार्किंग उघड्यावर, भर उन्हात. ते, आमचा सिक्युरिटीचा दादा आणि मी, तिघेही पळालो. सगळ्यात मागची सीट, त्यात मुलाची कारसीट, आणि ऊन लागू नये म्हणून वरून टाकलेली ओढणी. दार उघडलं तशी गरम वाफ तोंडावर आली. बाळ जागं होतं पण रडत नव्हतं, नुसतं कण्हत होतं, तोंड लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले. एसीत आणलं, कपडे काढले, ओल्या नॅपकिनने मान, काखा, पाय पुसत राहिलो, एकजण पुठ्ठ्याने वारा घालत होता, घोट घोट पाणी दिलं. मग ते जोरात रडायला लागलं, आणि ते रडणं ऐकून जीवात जीव आला. डॉक्टर येऊन तपासून गेले, बाळ ठीक होतं. नंतर सीसीटीव्हीवर बघितलं तर गाडी लॉक झाल्यापासून जेमतेम बारा मिनिटं झाली होती.

बारा मिनिटं कमी वाटतात पण बंद गाडीत ती कमी नसतात. उन्हात उभ्या गाडीचं आतलं तापमान पहिल्या दहा मिनिटांतच साधारण 10-11 अंश सेल्सियसने चढतं. 2005 मधे अमेरिकेतल्या डॉक्टरांनी मोजून दाखवलं होतं की तासाभरात सरासरी 22 अंशांची वाढ होते, त्यातली 80 टक्के पहिल्या अर्ध्या तासातच, आणि काच थोडी खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. लहान मुलाचं अंग मोठ्यांपेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापतं. त्यामुळे "पाच मिनिटांत येतो, झोपू दे त्याला" हे वाक्य कोणी बोललं की माझ्या पोटात गोळा येतो.

हे झालं कसं ते सगळं नंतर कळलं. एरवी बाळ आईबाबांच्या गाडीत असतं. वाटेत थांबले तेव्हा मुलांनी हट्ट करून गाड्या बदलल्या आणि झोपलेलं बाळ काकांकडे गेलं. काकू स्वतःच्या पेंगणाऱ्या मुलाला कडेवर घेऊन उतरल्या, त्यांना वाटलं बाळाला काका घेतील. काका फोनवर बोलत बोलत गाडी लावून आले, त्यांना वाटलं बाळ काकूंबरोबर उतरलं. आईला वाटलं आजी. यातलं कोणीही बेफिकीर माणूस नव्हतं, हे मी आवर्जून लिहितेय, कारण अशी बातमी वाचली की लोक लगेच आईला झोडपायला घेतात. साउथ फ्लोरिडा विद्यापीठातले डेव्हिड डायमंड या विषयावर वर्षानुवर्षं अभ्यास करतायत, त्यांचं म्हणणं असं की सवयीने चाललेलं काम मेंदू आपोआप रेटत नेतो आणि रोजच्या क्रमात बदल झाला की लक्षात ठेवायची गोष्ट त्याखाली दबून जाते. सुट्टीत तर सगळाच क्रम बदललेला असतो, गाडी बदललेली, सीट बदललेली, झोपेची वेळ बदललेली.

मला खरा त्रास झाला तो पुढच्या गोष्टीचा. बाळ शांत झाल्यावर मोठ्यांची भीती रागात बदलली आणि तो राग त्या अकरा वर्षांच्या पोरीवर निघाला. तुला सांगितलं होतं ना भावाकडे लक्ष ठेव म्हणून, लॉबीत येऊन मोबाईल कसला बघत बसलीस. ती हुंदके देत होती, मला वाटलं तुम्ही आणाल त्याला, एवढंच म्हणत होती. पाहुण्यांच्या घरच्या बोलण्यात आम्ही पडत नाही, पण मला राहवलं नाही. मी वडिलांना म्हटलं, साहेब, तो कुठे आहे हे फक्त तिलाच माहीत होतं, तिने सांगितलं म्हणून आपण वेळेत पोचलो. ती पण सुट्टीलाच आलीये ना. ते खाली बसले आणि तिला जवळ घेतलं.

संध्याकाळी आई काउंटरवर आली, डोळे सुजलेले. तासावर बेबीसिटर मिळेल का विचारायला. मी सांगितलं मिळेल, पण आधी तिला भेटा, याआधी किती लहान मुलं सांभाळलीत विचारा, फर्स्ट एड येतं का विचारा, पहिला अर्धा तास तुम्ही खोलीतच थांबा. आमच्या किड्स क्लबला चार वर्षांखालच्या मुलाबरोबर घरचं मोठं माणूस लागतंच, आणि मूल परत न्यायला रजिस्टरमधे ज्याचं नाव लिहिलंय तोच यायला लागतो, आजोबा आले तरी नाव नसेल तर आधी फोन करतो. हे ऐकून तिने पेन मागितलं आणि तिथेच उभी राहून उरलेल्या दिवसांचं टाइमटेबल लिहिलं, सकाळी पूलवर बाबा, दुपारी मी, संध्याकाळी काका. मी एवढंच म्हटलं की बदली होताना तोंडाने बोला. "आता माझ्याकडे" असं समोरच्याने म्हटल्याशिवाय पहिल्याने हलायचं नाही, आणि पूलवर ज्याची पाळी त्याचा फोन दुसऱ्याकडे. आजींचं नाव तिने मुद्दाम कुठेच घातलं नाही, त्यांचे गुडघे दुखतात म्हणाली, त्या दोन वर्षांच्या पोरामागे कुठे धावणार.

तेव्हापासून मी बँड लिहिताना प्रत्येक मुलासाठी विचारते, आत्ता या क्षणी हे कोणाकडे आहे? काहींना राग येतो, आम्ही सगळे आहोत की म्हणतात. मी पेन हातात धरून थांबते, एक नाव सांगा म्हणते, आणि ते माणूस मुलाचा हात धरून समोर आलं की मगच चाव्या देते.